काळ्या कातळाचा मुलूख: मेलबर्नच्या वेस्टात नवीन आला असाल तर शहर न ओलांडता करायच्या एका दिवसाच्या सहली

टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, विन्डम वेल, मेल्टन या पट्ट्यात घर घेतलेल्या किंवा भाड्याने राहणाऱ्या नवीन मराठी मंडळींसाठी हे लिहितेय, कारण दर लाँग वीकेंडला तेच ऐकते की ग्रेट ओशन रोड झाला, फिलिप आयलंड झालं, आता काय बघायचं. आणि हे दोन्ही एका दिवसात करायला गेलेली माणसं रात्री अकराला घरी येऊन सोमवारी ऑफिसात झोपलेली असतात. आम्हीपण पहिली दोन वर्षं हेच केलं. पूर्वेच्या डँडेनाँग डोंगरांत जायचं म्हणजे वेस्टातून आख्खं शहर ओलांडा, वेस्ट गेट पुलावर अडका, टोल भरा, पोचेपर्यंत पोरं गाडीत तीनदा भांडून झालेली. मग एकदा नकाशा उलटा धरून बघितला तेव्हा लक्षात आलं की आपण ज्या बाजूला राहतो त्याच बाजूला, म्हणजे पश्चिमेला आणि उत्तरेला, एवढं काही पडलंय आणि तिकडे जाताना ट्रॅफिक उलट्या दिशेला असतं.

आणि अजून एक गंमत. घराच्या मागे झाड लावायला खड्डा खणलाय का तुम्ही? आमच्याकडे एक फूट खाली गेलं की कुदळ ठण्‌कन वाजते. काळा दगड. मी साताऱ्याची, मला तो आवाज ओळखीचा. मेलबर्नच्या पश्चिमेचं सगळं माळरान लाव्ह्याचं आहे, इथून थेट साऊथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीपर्यंत, आणि त्यात चारशेच्या वर छोटे-मोठे ज्वालामुखी आहेत. शहरातल्या जुन्या गल्ल्यांत जो ब्लूस्टोन दिसतो तो पण हाच. आपल्या सह्याद्रीचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला त्यामानाने कालचा, काही ठिकाणी तर माणसं इथे राहायला लागल्यानंतरचा. तर खालच्या सहली बहुतेक या काळ्या दगडाच्या भोवतीच फिरतात, सोप्यापासून अवघडपर्यंत त्याच क्रमाने लिहिल्यात, नवीन असाल तर त्याच क्रमाने करा.

आधी निघायची तयारी

पहिलं काम दिशा ठरवणं. वेस्टातून बाहेर पडायला तीन मोठे रस्ते: जिलाँगकडे प्रिन्सेस फ्रीवे, बॅलरॅटकडे वेस्टर्न फ्रीवे आणि बेंडिगोकडे कॅल्डर फ्रीवे. तिघांवरही टोल नाही आणि एकावरून दुसऱ्यावर जायला वेस्टर्न रिंग रोड आहे त्यालाही टोल नाही. मॅप्समध्ये 'टोल टाळा' हे बटण एकदा दाबून ठेवा म्हणजे तो उगाच सिटीलिंक या टोलच्या रस्त्याकडे वळवणार नाही.

दुसरं म्हणजे गाडी नसेल तर. नवीन आलेल्यांना वाटतं गाडी येईपर्यंत घरातच बसायचं, तसं नाहीये. २०२३ च्या मार्चअखेरपासून व्ही-लाइनच्या, म्हणजे शहराबाहेर जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचं भाडं मेलबर्नच्या दिवसाच्या तिकिटाएवढ्यावरच थांबतं, म्हणजे शहरात फिरायला जेवढं लागतं तेवढ्यातच बॅलरॅट, बेंडिगो नाहीतर पार वॉर्नांबूलपर्यंत जाता येतं. टार्नीट आणि विन्डम वेल स्टेशनं तर व्ही-लाइनच्याच जिलाँग मार्गावर आहेत. बॅलरॅट, जिलाँग, बेंडिगोपर्यंत मायकी, म्हणजे शहरातलं तिकिटाचं कार्ड, चालतं. पण खरं सांगायचं तर खाली लिहिलेल्या बऱ्याच जागा स्टेशनपासून लांब आहेत, तिथे बस नाही, तेव्हा दोन कुटुंबं मिळून एक दिवसाची गाडी भाड्याने घ्या.

तिसरं, निघायच्या आदल्या रात्री तीन गोष्टी बघायच्या आणि यात आळस करायचा नाही. एक, ब्यूरोचा, म्हणजे हवामान खात्याचा अंदाज, आणि फक्त तापमान नाही, वारा पण. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा असेल तर दुपारी भट्टी, आणि मग अचानक वारा फिरतो, नैऋत्येकडून येतो आणि अर्ध्या तासात पंधरा डिग्री उतरतात, त्यामुळे जानेवारीत पण गाडीत जॅकेट हवंच. दोन, व्हिकइमर्जन्सी अ‍ॅप, त्यात आगीच्या धोक्याची पातळी असते, मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक अशा चार. कॅटॅस्ट्रॉफिक असेल त्या भागातले पार्क बंदच ठेवतात, पण मी म्हणते एक्स्ट्रीमलाच घरी बसा, झाडीत अडकण्यापेक्षा मॉलमधली गर्दी परवडली. तीन, पार्क्स व्हिक्टोरियाच्या साइटवर त्या पार्कचं पान, वादळानंतर वाटा बंद असतात आणि ते तिथेच कळतं.

चौथं डबा. गावाकडच्या बेकऱ्या छान असतात पण शाकाहारी माणसाला व्हेज पेस्टी आणि व्हॅनिला स्लाइस एवढ्यावरच भागवावं लागतं आणि रविवारी दुपारी दोननंतर त्या बंद पण होतात. आम्ही धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, दही, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा मोठा थर्मास नेतो. बऱ्याच पिकनिकच्या जागांवर फुकट बार्बेक्यू असतो, बटण दाबलं की तवा तापतो, त्यावर फॉइल पसरून कणसं भाजा, पनीर भाजा, धपाटे गरम करा. पण टोटल फायर बॅनच्या, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी असलेल्या दिवशी घरून नेलेला कोळशाचा बार्बेक्यू पेटवायचा नाही, जबर दंड होतो. आणि कचरापेट्या नसतात. म्हणजे खरंच नसतात, मुद्दाम ठेवलेल्या नाहीत, आपला कचरा आपण घरी आणायचा. दोन जास्तीच्या पिशव्या ठेवा.

पाणी माणशी दोन लिटर, टोपी, सनस्क्रीन (ढग असले तरी, इथलं ऊन आपल्या उन्हासारखं जाणवत नाही पण भाजतं), आणि एक लांब क्रेप बँडेज. बँडेज सापासाठी. सप्टेंबर ते एप्रिल टायगर स्नेक आणि ब्राउन स्नेक दोन्ही बाहेर असतात. बहुतेक वेळा ते आपल्याला घाबरून निघून जातात, पण चावलाच तर जखम धुवायची नाही, कापायची नाही, चोखायची तर अजिबात नाही, चावल्या जागेपासून सुरू करून सबंध पाय घट्ट बांधायचा, माणसाला हलू द्यायचं नाही आणि ट्रिपल झिरोला (०००, इमर्जन्सीचा नंबर) फोन. इमर्जन्सी प्लस नावाचं अ‍ॅप आहे त्यात आपण नेमके कुठे आहोत ते दिसतं, ते आजच टाकून ठेवा, मला माहितीय तुम्ही नंतर टाकू म्हणाल.

पहिली सहल: ऑर्गन पाइप्स, अर्ध्या दिवसात

ही पहिली करा कारण चुका करायला ही जागा बरी. कॅल्डर फ्रीवेवर, शहरापासून पंचवीस किलोमीटरच्या आत, विमानतळाच्या इतकी जवळ की डोक्यावरून विमानं जातात. गाडी वरच्या सपाटीवर लावायची आणि मग उतार चालत खाली जॅक्सन्स क्रीकपर्यंत जायचं, खाली जायला पंधरा मिनिटं आणि वर यायला पंचवीस, बाबागाडी नेऊ नका. वरून बघाल तर नुसतं गवताळ माळ, काहीच नाही, आणि खाली उतरलं की समोर वीस मीटर उंचीचे दगडी खांब एकाला एक चिकटून उभे.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना घेऊन गेले. त्यांनी नीट बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, एवढी सात समुद्रापार आणलीस आणि काळा कातळच दाखवलास होय!" आता त्यांचं चूक नव्हतं. असेच खांब मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलला आहेत, साठेक मीटर उंच सुळका, वर गावदेवीचं देऊळ, आणि चहूबाजूंनी इमारती. कितीतरी अंधेरीकरांनी तो धड बघितलेला नसतो.

खांब होतात कसे ते पोरांना सांगायला सोपं आहे. पंचवीस-अठ्ठावीस लाख वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला आणि इथे जुन्या नदीची दरी होती ती भरली, काही ठिकाणी सत्तर मीटर जाडीचा थर. एवढा जाड थर हळूहळू थंड होतो, थंड होताना आकसतो, आणि तळं आटल्यावर चिखलाला जशा भेगा पडतात तशा भेगा पडतात, फक्त इथे त्या खोल खोल जातात आणि पाच-सहा कडांचे खांब तयार होतात. मग लाखो वर्षं ओढ्याने कापून ते उघडे पाडले. थोडं पुढे चाललात की रोझेट रॉक लागतो, त्यात खांब चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेत, आणि त्याच्याही पुढे टेसेलेटेड पेव्हमेंट, म्हणजे खांबांची डोकी फरशी घातल्यासारखी. लोक पाइप्स बघून मागे फिरतात, तुम्ही फिरू नका, पुढचं जास्त छान आहे.

आणखी एक म्हणजे १९७२ मध्ये नॅशनल पार्क झालं तेव्हा इथे तण आणि कचऱ्याशिवाय फारसं काही नव्हतं. आज जी झाडी दिसते ती स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं रविवारी येऊन लावलेली आहे.

चूक आमची झाली ती वेळेची. हिवाळ्यात दुपारी जेवून आरामात निघालो, सव्वाचारला पोचलो आणि गेट बंद होणार म्हणून पाटी, नवरा म्हणे पळत जाऊन येऊ, मी म्हटलं गाडी आत अडकली तर तू झोप इथे. परत फिरलो. जूनमध्ये पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो हे डोक्यात ठेवा, आणि ऑक्टोबर ते एप्रिल घड्याळ एक तास पुढे असतं तेव्हा मात्र संध्याकाळ लांबलचक मिळते.

दुसरी: यू यँग्स आणि सेरेंडिप

टार्नीटवरून नैऋत्येकडे बघितलं तर माळावर जे एकटेच डोंगर दिसतात ते यू यँग्स. रोज फ्रीवेवरून दिसतात म्हणून कोणी जात नाही, आपल्याकडे सातारकर अजिंक्यताऱ्यावर जात नाहीत तसंच. हा दगड काळा नाही, ग्रॅनाइट आहे, लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, लाव्हा याच्या भोवतीने वाहिला आणि हे बेटासारखे वर राहिले. लिटल रिव्हर नाहीतर लाराच्या एक्झिटने बाहेर पडायचं, पाऊण तास पण लागत नाही, प्रवेश फुकट.

फ्लिंडर्स पीकची वाट जाऊन-येऊन सव्वातीन किलोमीटर, साडेचारशेच्या आसपास पायऱ्या, आठ वर्षांचं पोर आरामात चढतं आणि चाळिशीतला बाप तीनदा बुटाची नाडी बांधायला थांबतो. मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी १ मे १८०२ ला इथे चढला होता, त्याला त्या वेळी समोर नुसतं पाणी आणि माळ दिसलं असेल, आता एका बाजूला जिलाँगचा कोरायो बे आणि दुसऱ्या बाजूला आपल्या टार्नीटच्या छपरांचा समुद्र दिसतो. वरून खाली माळावर एक मोठा पक्षी दगडांनी काढलेला दिसेल, पंखांचा पसारा शंभर मीटर. तो बुंजिल, इथल्या मूळ रहिवासी कुलिन लोकांचा सृष्टी घडवणारा गरुड, २००६ च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या वेळी केलेला. ही वाडावुरुंग लोकांची जमीन आहे, पाट्यांवर त्यांची नावं वाचा, पोरांना वाचायला लावा.

कोआला बघायचा तर गमच्या (निलगिरीच्या) झाडांच्या फांदीच्या बेचक्यात बघायचं, पानांत नाही. राखाडी गोणपाट अडकल्यासारखं दिसतं. हलत नाही. तुम्ही पण फार आवाज करू नका.

उतरल्यावर लाराजवळ सेरेंडिप सँक्चुअरी आहे, ती पण फुकट, कांगारू, एमू आणि ब्रोल्गा नावाचा उंच करकोचा अगदी जवळून दिसतो. पाहुण्यांना कांगारू दाखवायला माणशी चाळीस-पन्नास डॉलर घालवण्याच्या आधी इथे आणा. दुपारी लवकर बंद होतं, म्हणून आधी सेरेंडिप आणि मग डोंगर असं केलं तरी चालेल. कुत्र्याला दोन्हीकडे बंदी.

जाता-येता वेरिबीचा वास येईल त्याला नाकं मुरडू नका. तो वेस्टर्न ट्रीटमेंट प्लँट, मेलबर्नच्या साधारण अर्ध्या सांडपाण्याची व्यवस्था तिथे होते आणि तिथल्याच तळ्यांवर जवळपास तीनशे जातींचे पक्षी नोंदलेत, पक्षी बघणारे लोक जगभरातून तिथे येतात. आत जायला मेलबर्न वॉटरचं परमिट लागतं, आधी काढायचं. दुर्बीण असेल तर जरूर, नसेल तर सोडा.

तिसरी: वेरिबी गॉर्ज आणि बॅकस मार्श

आता थोडं दमायचं. बॅकस मार्शच्या पुढे आठ-दहा किलोमीटरवर वेरिबी नदीने खोल दरी कापलीय. मोठा फेरा साधारण दहा किलोमीटरचा, तीन-चार तास, आणि त्यात एका ठिकाणी नदीच्या काठाने कातळाला पोलादी दोरी लावलीय तिला धरून आडवं सरकत जायचं. हरिश्चंद्रगडावर नाहीतर कळसूबाईला जाऊन आलेल्या माणसाला हसू येईल, पण गुळगुळीत तळाच्या स्नीकर्समध्ये गेलात तर हसू जाईल. छोटी पोरं, गुडघ्याचं दुखणं किंवा नदीला पाणी जास्त असेल तर पूर्ण फेरा करू नका, खालच्या पिकनिकच्या जागेपासून नदीकाठाने जेवढं जमेल तेवढं जा आणि परत या, त्यातही मजा आहे.

दगड वाचता येत असतील तर इथे दिवस जाईल. उभे दुमडलेले थर, हिमनदीने लांबून ओढत आणून टाकलेले धोंडे, आणि त्या सगळ्यावर टोपीसारखा आपला काळा लाव्हा. इथे कधी काळी बर्फ होता हे जानेवारीत घाम पुसताना पटत नाही.

पार्किंग छोटं आहे, रविवारी नऊच्या आत पोचा नाहीतर येऊच नका. आत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा आणि घरी कोणाला तरी सांगून निघा की अमुक ठिकाणी चाललोय, तमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर बघा.

परतताना बॅकस मार्शमध्ये शिरा. गावात येणाऱ्या जुन्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना एल्मची झाडं, १० ऑगस्ट १९१८ ला एकाच दिवशी २८१ झाडं लावली, पहिल्या महायुद्धावर गेलेल्या गावातल्या एकेका माणसासाठी एक. प्रत्येक झाडाशी नाव आहे. एप्रिल-मेमध्ये पिवळी पानं पडतात तेव्हा गाडी हळू चालवा. त्याच रस्त्यावर शेतकऱ्यांचे स्टॉल लागतात, उन्हाळ्याच्या तोंडाला स्ट्रॉबेरी आणि चेरी, शरद ऋतूत सफरचंदं. आमच्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची सर नाही, पण ते मी म्हणणारच.

चौथी: ट्रेंटमचा धबधबा आणि हेपबर्नचं पाणी

पावसाळा म्हटला की धबधबा हे आपल्या रक्तातच आहे, माळशेज, ठोसेघर, सगळं आठवतं आणि इथे ऑगस्ट आला की घशाशी येतं. तेव्हा ट्रेंटमला जा. बॅलनवरून वर, सव्वा-दीड तास. बत्तीस मीटर सरळ खाली पाणी पडतं आणि ते ज्या कड्यावरून पडतं तो परत आपला लाव्ह्याचाच थर, खाली उभे खांब दिसतात. पार्किंगपासून दोन मिनिटांत बघायचा कठडा येतो. खाली उतरायची जुनी वाट दगड पडतात म्हणून बंद केलीय आणि तरी लोक कुंपण ओलांडून रील काढायला जातात, तुम्ही जाऊ नका, आपल्याकडे दर पावसाळ्यात पेपरात काय वाचतो ते आठवा. जुलै ते ऑक्टोबर पाणी भरपूर, फेब्रुवारीत नुसती धार.

तिथून डेल्सफर्ड-हेपबर्न अर्ध्या तासावर. डेल्सफर्डचं नाव सगळ्यांना माहिती, स्पा आणि महागडे कॅफे, नवरा-बायकोने अ‍ॅनिव्हर्सरीला जायची जागा. पण फुकटातली गोष्ट म्हणजे हेपबर्न मिनरल स्प्रिंग्ज रिझर्व्हमधले हातपंप. पावसाचं पाणी दगडाच्या भेगांतून खोल जातं, तिथे त्यात कार्बन डायऑक्साइड आणि खनिजं मिसळतात आणि ते बुडबुडे घेऊनच वर येतं. १८६५ पासून ही जागा राखून ठेवलेली आहे. सोन्यासाठी आलेले स्विस-इटालियन लोक इथे राहिले, त्यांना आपापल्या देशातलं झऱ्याचं पाणी माहिती होतं.

प्रत्येक पंपाची चव वेगळी. एकाला गोटी सोड्यासारखी चव, एकाला सडक्या अंड्याचा वास, एकाला तांब्या-लोखंडाच्या हंड्यात चार दिवस राहिलेल्या पाण्यासारखी. काचेच्या बाटल्या न्या, प्लास्टिकमधून गॅस उडतो. आमच्या धाकट्याने पहिल्या घोटालाच थुंकलं आणि मोठीने लिंबू पिळून, काळं मीठ टाकून जलजिरा केला, आता दर वेळी लिंबू आणि काळं मीठ बरोबर असतंच. करून बघा, गंमत म्हणून नाही, खरंच छान लागतं.

पाचवी: लाल लाल, जमलं तर

नावासाठी तरी जा. बॅलरॅटच्या अलीकडे लाल लाल नावाचं गाव आहे, लाल काही नाही तिथे, स्थानिक भाषेत पाणी आदळणं असा अर्थ सांगतात. माळरान सपाट, गाडी थांबवली तरी काही दिसत नाही आणि चार पावलं पुढे गेलं की जमीन एकदम फाटलेली आणि चौतीस मीटरचा धबधबा. वाडावुरुंग लोकांसाठी ही बुंजिलची जागा आहे, तेव्हा आरडाओरडा आणि स्पीकर नको. सांगायची गोष्ट अशी की उन्हाळ्यात हा पूर्ण कोरडा पडतो, आम्ही जानेवारीत गेलो आणि तासभर गाडी चालवून कोरडा कडा बघून आलो. नुसत्या याच्यासाठी जाऊ नका, बॅलरॅटच्या सहलीला जोडून घ्या.

सहावी: रेड रॉक आणि कॅम्परडाउनची तळी, लांबची

ही माझी सगळ्यात लाडकी आणि हिच्यासाठी पहाटे उठायचं. जिलाँगच्या रिंग रोडवरून कोलॅक, तिथून वीसेक मिनिटांवर अ‍ॅल्व्ही गाव, एकूण पावणेदोन-दोन तास. गाडी थेट वर जाते. रेड रॉकच्या माथ्यावर उभं राहिलं की चहूबाजूंनी विवरं, एकात पाणी, एक कोरडं, एकात गवत आणि गाई चरतायत, तीस-चाळीस तोंडांनी फुटलेला ज्वालामुखी हा, आणि पलीकडे क्षितिजापर्यंत लेक कोरांगमाइट, व्हिक्टोरियातलं सगळ्यात मोठं तळं, खारं. वारा इतका असतो की टोपी हातात धरा. आम्ही गेलो तेव्हा वर दुसरं कोणी नव्हतं, त्याच दिवशी ग्रेट ओशन रोडवरच्या ट्वेल्व्ह अपॉसल्सच्या पार्किंगमध्ये जागा मिळत नव्हती असं मैत्रिणीचा मेसेज आला.

मग तसंच पुढे कॅम्परडाउन. गावाला लागून दोन गोल खोल तळी शेजारी-शेजारी, बुलन मेरी आणि नोटक, मधे एक अरुंद धार आणि तिच्यावरून रस्ता जातो. दोन्ही ज्वालामुखीच्या स्फोटाने झालेले खड्डे, पण एकाचं पाणी थोडंसंच खारट आणि नोटकचं समुद्रापेक्षा खारट, आणि त्याची पातळी पण कितीतरी खाली. मला लोणार आठवलं. तेही काळ्या दगडातलं खारं तळं, फक्त तिथे वरून उल्का आदळली आणि इथे खालून जमीन फुटली. मी हे नवऱ्याला उत्साहात सांगत होते तर तो म्हणे बुलढाण्याला मामा आहे, कधी नेलंस का लोणारला? नाही नेलं. असंच असतं.

या रस्त्यावर शेतांच्या कडेला दगडी गडगे बघा, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. शेतातला काळा दगड वेचून एकोणिसाव्या शतकात बांधलेत. काहींच्या माथ्यावर दगड बाहेर काढलेत ते सशांनी उडी मारून आत येऊ नये म्हणून. कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर कनोलाची पिवळी शेतं लागतील, मोहरीचीच बहीण ती. फोटो रस्त्यावरून काढा, शेतात शिरू नका. ती कोणाची तरी खासगी जमीन आहे आणि बुटांना लागून तण आणि रोग एका शेतातून दुसऱ्यात जातात म्हणून शेतकरी चिडतात, आणि बरोबर चिडतात. साडी नेसून शेताच्या मधे फोटो काढायची आपल्याकडची हौस मला समजते, माझा पण एक फोटो आहे, कुंपणाच्या बाहेरून.

याच्या पुढे वॉर्नांबूलजवळ टॉवर हिल आहे. ते १८९२ मध्ये व्हिक्टोरियातलं पहिलं नॅशनल पार्क झालं, पण तोवर आणि नंतरही झाडं तोडून उघडंबोडकं झालं होतं. मग १९६० च्या दशकात परत झाडं लावायची ठरली तेव्हा कुठली लावायची हे १८५५ च्या एका तैलचित्रावरून ठरवलं, चित्रकाराने प्रत्येक झाड इतकं नीट काढलं होतं. आणि त्याच्याही पलीकडे बुज बिम, लाव्ह्याच्या दगडांत चर खणून ईल मासे पाळायची गुंडिचमारा लोकांची व्यवस्था, ६६०० वर्षं जुनी, २०१९ पासून जागतिक वारसा. पण ते एका दिवसाचं नाही, एक रात्र वॉर्नांबूलला राहा. एका दिवसात करायचा हट्ट धरलात तर परतताना ड्रायव्हरला झोप येईल.

परत येताना

अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात, एक गेला की मागून दुसरा येतोच, आणि समोर आला तर स्टिअरिंग फिरवायचं नाही, सरळ ब्रेक दाबायचा, कारण वळवलेली गाडी झाडावर जाते. भाड्याची गाडी असेल तर इन्शुरन्समध्ये जनावराची धडक धरलीय का ते सकाळीच वाचून घ्या.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. आम्ही एकदा रविवारी संध्याकाळी एका छोट्या गावात काटा लालवर घेऊन पोचलो आणि एकमेव पंप बंद, मग एसी बंद करून, खिडक्या उघड्या ठेवून, ऐंशीच्या स्पीडने तीस किलोमीटर, गाडीत कोणी बोलत नव्हतं. छोट्या रस्त्यावर समोरून येणारा शेतकरी स्टिअरिंगवरून एक बोट वर करेल, तो काही सांगत नाहीये, रामराम करतोय. तुम्ही पण बोट वर करा.

घरी आल्यावर बूट बाहेर झटका, पोरांच्या केसांत आणि कानामागे गोचीड नाही ना बघा, डबे घासायला टाका, आणि हेपबर्नच्या पाण्याची बाटली उघडताना सिंकवर धरून उघडा, आमच्या ओट्यावर अजून पिवळा डाग आहे.